शूर सगुणेचे डोळे

रोह्याच्या वाचनालयातल्या सभागृहात चित्रकार जयवंत टिपणीसांचा हात थरथरला आणि शूर सगुणा चकणी झाली.

रांगेतला गडी तोंड वाकडं करून पुस्तकाकडे बघत राहिला. त्याचंही काय चुकलं? सगुणेच्या चित्रकथांचं नवं पुस्तक विकत घ्यायचं, मग टिपणीससाहेब पहिल्या कोऱ्या पानावर सगुणेचा चेहरा काढून खाली सही देणार, असा बेत होता. केस, नाक, कपाळावरची चंद्रकोर, सगळं झकास उतरलं होतं. डोळ्यात मात्र शाई फुटली. साहेबांचं वय ऐंशीला टेकलेलं. सावरायला पुन्हा ब्रश टेकवला, तर आणखीच घोटाळा.

त्या गड्याच्या मागं चंद्रावती उभी होती. पेणला गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं डोळ्यांची आखणी करणारी बाई. कारखान्याचा शिरस्ता असा, की डोळा चुकलेला दिसला तर विचारत बसायचं नाय, रंग सुकायच्या आत हात घालायचा. तिनं तेच केलं. पदराच्या टोकानं शाई टिपली, साहेबांच्या हातातला ब्रश चक्क काढून घेतला आणि चार फटकाऱ्यांत सगुणेची नजर सरळ केली. मग भानावर आली. अगो बाय! देवाच्या हातातलं हिसकावलं की आपण!

टिपणीस म्हणजे तिचा देवच होता. बाराव्या वर्षी तिला रद्दीत ‘शूर सगुणा’ चित्रकथेचा एक अंक मिळाला. त्यातले डोळे पाटीवर गिरवून गिरवून तिचा हात बसला. तिच्या हातचे गणपती आज ज्या नजरेनं लोकांच्या घरात बघतात, ती नजर तिनं ह्या माणसाकडून उचललेली. तो अंक पिशवीत घालून ती सकाळच्या गाडीनं आली होती. ज्या डोळ्यांनी आपल्याला पोटापाण्याला लावलं, त्यांच्याखाली ते काढणाऱ्याची सही पायजे, एवढंच तिचं मागणं होतं.

साहेब रागावले नाहीत. पानाकडे बघून “वा!” म्हणाले आणि खाली सही ठोकली. गड्याची कळी खुलली.

वाचनालयाचा पुंडलिक मोठा चलाख. त्यानं लगेच साहेबांच्या शेजारी खुर्ची आणून ठेवली.

“मावशी, बसा हितं. साहेब चेहरा काढतील, तुम्ही डोळे भरा. शंभर माणूस ताटकळलंय.”

“आणि माझी सही?”

“शेवटी निवांत घ्या. साहेब काय पळून जातायत?”

बसली. मान मोडेस्तोवर डोळे काढले, आणि वर खूषही होती वेडी. देवाच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळालं होतं ना! साहेब चेहरा काढायचे, ती डोळे भरायची, साहेब सही करायचे आणि लोक साहेबांच्या पाया पडायचे. एक बाई मोबाईल रोखून म्हणाली, “ओ काकू, जरा मागं सरका, फोटोत येताय.” चंद्रावती मागं सरकली. कोणीतरी पान उघडून म्हणालं, “ह्या वयात काय डोळे काढतात टिपणीस!” साहेबांनी नुसती मान डोलावली. तेव्हा मात्र तिला लागलं. पण मोठ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, म्हणून तिनं गिळलं.

चार वाजता सभागृह रिकामं झालं. तिनं पिशवीतून अंक काढला. कव्हर कधीच गेलेलं, पानं दोऱ्यानं शिवलेली.

“साहेब, ह्या डोळ्यांखाली द्या सही. तुमचे हे डोळे बघूनच शिकले मी.”

टिपणीस मनापासून हसले. “माझे? अहो बाई, डोळे मला कधी जमलेच नाहीत. हात धड होता तेव्हासुद्धा नाही. एक मुलगा होता आमच्याकडे. मी जागा कोरी सोडायचो, तो डोळे भरायचा. सगळ्या अंकांतले त्याचेच.”

चंद्रावतीनं एकदा अंकातल्या डोळ्यांकडे बघितलं.

“नाव काय त्याचं?”

“नाव...” साहेबांनी कपाळ चोळलं. “शिवडीहून यायचा. चहा प्यायचा नाही. फार गुणी मुलगा. काय बरं नाव... जाऊ दे. आणा तो अंक.”

तिनं अंक छातीशी धरला.

“नको.”

“अहो, सहीसाठी दिवसभर थांबलात ना?”

“व्हय. पण ज्याची पायजे त्याची तुमच्याकडं नाय.”

ती जिन्याकडे निघाली. चाळीस वर्षं भलत्याच माणसाला हात जोडले, ह्याचा राग होताच. आणि आज शंभर वेळा त्याच चोरीत आपण आपल्या हातानं भर घातली, ह्याचा त्याहून जास्त. डोळ्यांतून पाणी काढायचं नाय असं तिनं ठरवलं, तरी चार पायऱ्यांत ते आलंच.

वर साहेब पुंडलिकाला सांगत होते, “पुढल्या महिन्यात अलिबागला आहे कार्यक्रम. ह्या बाईंना आणाच. नाव काय हो त्यांचं?”

पुंडलिक धावत जिन्याच्या तोंडाशी आला.

“ओ मावशी! नाव लिहून घ्यायचं राहिलं. काय लिहू?”

“टिपणीस!” ती न थांबता म्हणाली. “शंभर पानांवर तेच लिवलंय.”