झेंड्याच्या अलीकडे

औंधच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलजोडीची ढाल नाथाजींच्या भिंतीवर होती. ड्रोननं काढलेला व्हिडिओ मात्र घरच्या कॉम्प्युटरवर झेंड्याच्या जरा अलीकडे अडकायचा. तिथं नाथाजींची जोडी पुढं असायची. पुतणी संयोगितानं जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलं, तसं नाथाजींनी हरलेल्या उदयसिंहांना मुद्दाम चहाला बोलावलं.

व्हिडिओ एकदाही न अडकता चालला. झेंड्यापाशी उदयसिंहांच्या बैलाचं नाक वीतभर पुढं होतं, वेसणीसकट स्पष्ट.

"लय झ्याक दिसतंय," बशीत चहा ओतत उदयसिंह म्हणाले. "पोरी, आमच्यात बी ह्येच टाक."

"त्याआधी आमच्यात जुनी टाक," नाथाजी म्हणाले. "ती आपल्या बाजूनं हुती."