उडता न येणारी

बिलकिसला परवा विमानानं नवऱ्याकडं मस्कतला जायचं होतं आणि विमानाचं नाव काढलं तरी तिचे हातपाय गार पडत होते. जीव रमावा म्हणून सासूनं तिला कशेळ्याच्या बाजारातल्या व्हिडिओ सेंटरात कार्टूनचा सिनेमा बघायला नेलं. सिनेमातले चार शूरवीर समुद्रापलीकडं कैदेत पडलेल्या सोबत्याला सोडवायला निघाले. तिघं भुर्रकन उडाले. चौथीला मात्र उडता येत नव्हतं. ती डोळे पुसत होडीत बसली आणि वल्हवत निघाली. "एकटीच चाललीय गं," सासू पुटपुटली. वादळात होडी उलटली तेव्हा सासूनं बिलकिसचा हात घट्ट धरला. शेवटी चौथीनंच तुरुंगाचं दार मोडलं आणि बिलकिसनं टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अम्मी, भ्या वाटतंय, पन जाते मी." कर्जतपलीकडं कधी न गेलेली सासू म्हणाली, "लेकाला सांग, माझा पन पासपोर्ट काढायचाय."