पळीचा नियम

इंटरव्ह्यूसाठी गटचर्चा शिकवण्यात सूनबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरात मात्र तिचं कोणी ऐकेल तर शपथ! सकाळी रंगारी येणार होता आणि बाहेरच्या खोलीला कोणता रंग द्यायचा यावरून जेवणाच्या टेबलावर सासूबाई, नणंद आणि नवरा एकदमच तावातावाने बोलत होते. मध्येच सासऱ्यांनीही दोनदा तोंड उघडलं, पण त्यांना विचारतो कोण!

शेवटी तिने रश्श्याची पळी उचलली. “ही ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं!”

आणि काय सांगावं, जादू झाली. पळी सासूबाईंकडून नणंदेकडे, तिच्याकडून नवऱ्याकडे गेली. मध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. सूनबाईला आपल्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली. तिने पळी कौतुकाने सासऱ्यांच्या हातात दिली.

“बोला बाबा. तुम्हाला केव्हाचं काहीतरी सांगायचंय ना?”

सगळे कान टवकारून बसले. सासऱ्यांनी पळी रश्श्यात बुडवली, आपल्या कोरड्या भातावर भरभरून ओतली आणि शांतपणे तिला परत केली.

“झालं माझं बोलून. केव्हाचा हीच मागत होतो.”