शेजारची मेंढी

"आधी त्यांना," आसराबाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या खाटेपाशी ठेवला.

शीतल सिस्टरने रायभानच्या तळहातावर गोळी ठेवली. त्याने ती गिळली, तोंड वाकडं केलं आणि बायकोकडे पाहिलं. मग सिस्टरने दुसऱ्या पाकिटातल्या दोन गोळ्या काढल्या. "आता तुमच्या, मावशी. शक्तीच्या."

"मला काय धाड भरलीय?"

"दुखणाइताचं करणाऱ्याचीपण तब्येत बघावी लागते. तुम्ही पडलात तर काकांचं कोण करील?"

"तू घेतली तरच मी उद्याची घेईन," रायभान खाटेवरून म्हणाला.

आसराबाईला हसू आलं. कळपातली आजारी मेंढी औषधाच्या गोळ्याला तोंड लावत नसली, की रायभान तिच्याशेजारी एक धडधाकट मेंढी बांधायचा आणि पहिला गोळा तिला चारायचा. मग आजारी मेंढीही खायची. म्हणजे आता ती शेजारची मेंढी आपण झालो म्हणायचं. तिने मुकाट गोळ्या घेतल्या.

सिस्टर दर मंगळवारी सकाळी तीर्थपुरीहून स्कूटीवर यायची. जे बरं होणार नाही ते दुखणं घरच्या घरी हलकं करायचं, हे तिचं काम. रायभानचं ती पाच मिनिटांत आटपायची आणि मग आसराबाईपाशीच बसायची. झोप लागते का, घास उतरतो का, कळ कुठून निघते? पोटाला हात लावून बघायची. आसराबाई नको नको म्हणायची, पण आठवडाभर त्या एका तासाची वाट बघायची. तिला दुसरं विचारणारं होतं कोण?

अंगद, एकुलता मुलगा, अंकुशनगरला साखर कारखान्यावर. हंगामात त्याला सुट्टी नसे, फोनवर "बरंय ना?" विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून द्यायचा. मेंढरं विकली तेव्हापासून वाडगं ओस पडलं होतं. गावातली माणसं शेतातल्या या घराला वळसा घालून जायची. शेजारच्या वावरातली दैवशाला तेवढी मायाळू असावी. आसराबाईचा दुपारी डोळा लागला, की उठेपर्यंत रांजण काठोकाठ भरलेला असायचा. पण दैवशाला थांबत मात्र नसे. पाणी राहू दे, दोन शब्द बोल की बाई, असं आसराबाईला वाटे आणि डोळे भरून येत.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या पित्तासाठी दोघं जालन्याला गेली होती. आलोच आहोत तर म्हणून रायभानने आपला खोकलाही दाखवला. दोघांनाही यंत्रात घालून तपासलं. मग डॉक्टरांनी एकट्या रायभानला आत बोलावलं. तो बाहेर आला तो बाकावर बसूनच राहिला. घरी येऊन खाटेवर आडवा झाला आणि म्हणाला, "पोटात गाठ हाय. आता मेंढरामागं चालनं व्हायचं न्हाई."

"कसली गाठ?"

"नाव नको काढू."

तिने काढलं नाही. तिची धाकटी बहीण बेबीनंदा त्या रोगाचं नाव कानावर पडताच भिंतीकडे तोंड करून निजली होती. पोटात अन्नाचा कण घेतला नाही. आठ दिवसांत गेली. म्हणून आसराबाईने सिस्टरलाही बजावलं होतं, "ह्या घरात ते नाव घ्यायचं न्हाई." सिस्टरने रायभानकडे बघितलं होतं आणि "बरं" म्हणाली होती.

रायभान उठला तर भिंत धरून उठायचा. चेहरा मात्र भरल्यासारखा दिसायचा; रोगाची सूज असणार. उलट आसराबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. सेवा का सोपी असते?

"सिस्टर," त्या मंगळवारी ती हळूच म्हणाली, "जन्मभर देवाला म्हनले, कपाळाच्या कुंकवासकट ने. आता उलटं मागून राह्यले. आधी ह्यांना ने. ह्यांना साधा चहा करता येत न्हाई. हे मागं राह्यले तर कसं व्हायचं? मला एवढंच दे म्हनते, ह्यांचं सगळं माझ्या हातानं होऊ दे."

सिस्टरने मान खाली घातली आणि बराच वेळ पिशवी आवरत राहिली.

"तुम्ही बसा यांच्यापाशी, मी दळण घेऊन येते," म्हणून आसराबाई निघाली. चिंचेपर्यंत गेली आणि पोटात कळ आली, नेहमीपेक्षा जोराची. ती बुंध्याला टेकून बसली. सिस्टर आहे तोवर दाखवावं म्हणून ती पोट धरून माघारी फिरली.

कुडापाशी पोचली तर अंगणातून पाणी ओतल्याचा आवाज आला. दैवशाला आली वाटतं. आज तिला थांबवायचंच, म्हणून तिने कुडाच्या फटीतून पाहिलं.

खाट रिकामी होती. रायभान खांद्यावरची भरली घागर एका हाताने रांजणात रिती करत होता.

"काका, आता या गोळ्यांनी मावशींचं दुखणं थांबायचं नाही. जोराचं औषध चालू करावं लागेल," सिस्टर सांगत होती. "मला हे लपवणं पटत नाही. आणि तुम्ही तरी किती दिवस असं पडून राहणार?"

"ती हाय तवर," रायभान म्हणाला आणि रिकामी घागर पालथी घातली.

आसराबाई पाऊल न वाजवता चिंचेपर्यंत मागे गेली. तिथून मोठ्याने खाकरली. "सिस्टर, हायसा का अजून?" म्हणून ओरडली आणि सावकाश, एकेक पाऊल टाकत आली. कुडापाशी पुन्हा थांबली. खाट करकरल्याचं ऐकलं, तेव्हाच आत शिरली.

"उठू नका," ती म्हणाली, "पडून ऱ्हावा."