जखऱ्याची पाटी

रंगमंचावर प्रभुदास पाटीवर लिहीत होता आणि विंगेत लिडियाबाईंनी पडद्याची दोरी खुंटीवरून सोडून हातात धरली होती. समोर श्रीरामपूरच्या चर्चचा हॉल गच्च भरला होता. नाताळचं नाटक होतं, जखऱ्याचं. देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून मुका झालेला म्हातारा याजक. त्याला मुलगा होतो. तो पाटीवर मुलाचं नाव लिहितो, पाटी सगळ्यांना दाखवतो आणि तिथेच त्याची वाचा परत येते. मग तो देवाची स्तुती करतो. अख्ख्या नाटकात प्रभुदासला मनापासून बोलायचं होतं ते एवढंच, आणि तेवढंच बाई त्याला बोलू देणार नव्हत्या.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच रंगमंचावर सव्वीस वर्षांच्या लिडियाबाई उभ्या होत्या. पुण्याहून नाटकाचं शिक्षण घेऊन नुकत्याच परतलेल्या. अभिनय आणि वक्तृत्व शिकवणारी जिल्ह्यातली पहिली बाई, असं लोक कौतुकानं सांगत. त्यांच्या वर्गात अकरा मुली होत्या. त्या वर्षीचं नाटकही बाईंनीच बसवलं होतं. त्याआधी तो मान प्रभुदासचा. आता त्याच्या वाट्याला पडद्याची दोरी आली होती. शेवटच्या भाषणाआधी बाई मुद्दाम थांबल्या, श्वास घेतला, आणि धाडकन पडदा पडला.

प्रभुदासनं पुढे येऊन लोकांना हात जोडले. "काय करता, बाई वाक्य विसरल्या. पडदा पाडा म्हणून त्यांनीच खूण केली."

हॉल खदखदून हसला. महिनाभरात वर्ग रिकामा झाला. जिला स्वतःचं वाक्य आठवत नाही, ती पोरींना काय बोलायला शिकवणार! पुन्हा उभं राहायला नऊ वर्षं गेली, तेही पाथर्डीच्या शाळेत, एसटीचे धक्के खात. पुढे त्यांच्या पोरी रेडिओवर बोलल्या, कोर्टात बोलल्या, ग्रामसभेत तर गावाला भारी पडल्या. तरी लग्न असो की मयत, कुणीतरी डोळा मिचकावून विचारायचंच, "बाई, वाक्य आठवतंय ना?" बाई हसून दाखवायच्या. त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही.

या वर्षी त्या स्वतः प्रभुदासच्या दारात गेल्या. तो अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. बायको गेलेली, आवाज थकलेला, आता त्याला कशालाच कुणी बोलावत नव्हतं.

"जखऱ्या तुम्हीच करायचा, प्रभुदासभाऊ."

त्यानं विचारलं, "म्हंजी तासभर मुकं ऱ्हायाचं?"

"शेवटी भाषण आहे. दीड पान."

"मग ऱ्हातो की." बाई निघाल्या तसा तो मागून म्हणाला, "पाटी तेवढी मोठी द्या, बाई. पार मागच्या बाकावरच्यालाबी वाचता आली पायजे."

म्हाताऱ्याची हौस काही फिटत नाही, बाईंना वाटलं. त्यांनी हातभर रुंद पाटी करवून घेतली. दोन महिने भाषण घोटून घेतलं. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं जीव लावून शिकवलं. शिकवण्यात त्यांनी कधीच कसूर केली नव्हती, आणि जितकं चांगलं बसेल तितकं ते त्याच्या घशात अडकणार होतं. सकाळी हॉलवर एकट्याच येऊन त्यांनी दोरीच्या टोकाची गाठ सोडून ठेवली. हातातून सुटली की दोरी कप्पीतून सरळ बाहेर येणार. पडदा पुन्हा वर न्यायचा तर शिडी हवी आणि निदान अर्धा तास. तोवर लोक घरी गेलेले असणार.

आता रंगमंचावर जखऱ्याची बायको अलीशिबा झालेली जास्मिन बाळ घेऊन उभी होती. नातेवाईक विचारत होते, मुलाचं नाव काय? योहान. तीन अक्षरं. तालमीत चार सेकंद लागायचे. आज प्रभुदासचा खडू थांबायला तयार नव्हता. लिहायचा, थबकायचा, पुन्हा लिहायचा. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

मेला भाव खातोय, बाई मनात म्हणाल्या. खा. आणखी थोडा खा.

प्रभुदास उठला. पाटी छातीशी धरली होती, अक्षरं आतल्या बाजूला. तो दोन पावलं पुढे आला. त्याची मान वर झाली, श्वास बाईंनी शिकवला होता तसाच पोटातून भरला गेला. पाटी फिरवायला त्यानं हात हलवले.

बाईंनी दोरी सोडली.

पडदा धाडकन खाली आला. पलीकडे हशा उठला, मग टाळ्या. अलीकडे प्रभुदास पडद्याकडे तोंड करून तसाच उभा होता. बाई सावकाश चालत त्याच्याजवळ गेल्या. एवढं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"काय झालं, प्रभुदासभाऊ? वाक्य विसरलात?"

लोक पडद्यापलीकडे राहिले होते, म्हणून त्यानं पाटी बाईंकडे फिरवली. योहानाचं नाव तिच्यावर कुठेच नव्हतं. मागच्या बाकावरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं,

"लिडियाबाई काहीच विसरल्या नव्हत्या. मी खोटं बोललो."