एका काचेचा गॉगल

गुरम्मांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला होता. डाव्याची तारीख सोमवारची होती, पण गुरम्मा काही केल्या जायला तयार होईनात.

"भ्यालीस व्हय गं आज्जी?" नात शिवानीनं डिवचलं.

"भिते माझी चप्पल! बस हितं, आन् आजोबाचा तो गड्ड्याच्या जत्रंचा व्हिडिओ लाव."

शिवानीचे वारलेले आजोबा तिप्पण्णा टीव्हीवर पांढऱ्या बाराबंदीत, कमरेवर नंदीध्वजाची उंच काठी तोलत, उजवीकडून डावीकडं चालले होते.

"एक डोळा उजळला, एक अंधारा ऱ्हायला, तवापासनं हे टीव्हीतनं भाईर येत्यात बघ. हितं, हाताच्या अंतरावर. सोमवारी दुसराबी उजळला, की परत टीव्हीला चिकटतील."

शिवानीला तर सपाट चित्रच दिसत होतं. तिनं आपल्या गॉगलची उजवी काच काढली, डावी राहू दिली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. पाण्यातून वर यावेत तसे आजोबा संथपणे खोलीत आले. तिनं गॉगल काढून आज्जीच्या हातात ठेवला.

"आज्जी, सोमवारी गुमान चल. हा गॉगल आता तुझा."

दोन्ही डोळे बरे झाल्यावर गुरम्मांनी तो लावला. तिप्पण्णा आले, आधीपेक्षा लख्ख. गुरम्मांच्या कपाळाला आठी पडली.

"अवो, बाराबंदीचा बंद सुटलाय की! असंच हिंडला व्हय सगळ्या गावात? या हिकडं, बांधून देते."