नाकातला टाका

शेवटचा टाका तेवढा राहिला होता. जेथ्रो ट्रेविननं दाभणात नवा मेणदोरा ओवला आणि झोळीच्या तोंडाशी गुडघे टेकले. झोळीत लेफ्टनंट लाइल होता. पायांशी दोन तोफगोळे, अंगावर कॅनव्हासचे दोन पदर, गळ्यापर्यंत टाके. उघडा होता फक्त चेहरा.

जहाजावर मेलेल्याला समुद्रात सोडण्याआधी त्याच्याच झोपायच्या झोळीत शिवायचे आणि शेवटचा टाका नाकातून घालायचे. माणूस चुकून जिवंत असला, तर तेवढ्यानं कळायचं. पण सकाळीच कॅप्टन मॉर्डन्टचा निरोप आला होता. लेफ्टनंटसाहेब घरंदाज माणूस, त्यांच्या नाकाला दाभण लागता कामा नये. कापड तोंडावरून नीट ओढून घ्यायचं आणि गुमान शिवायचं.

घरंदाज. निरोप ऐकल्यापासून जेथ्रोच्या कानशिलांत घण पडत होते. महिन्यापूर्वी त्याचा धाकटा भाऊ पॅस्को डोलकाठीवरून याच फळ्यांवर पडून मेला होता. लाइलचा नियमच होता तसा. शिडं गुंडाळून खाली येताना जो सगळ्यात शेवटी उतरेल, त्याला बारा फटके. चाळीस माणसं वर चढली की कोणीतरी शेवटचा असणारच. पॅस्कोच्या अंगात दोन दिवस ताप होता. आपण मागं राहिलो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं दोरासाठी उडी घेतली. दोर हाताला लागला नाही. लाइलनं खाली पडलेल्या देहाकडे एकदा पाहिलं, फळ्या धुवायला सांगितल्या, आणि मग विचारलं, आता वर शेवटी कोण राहिलंय? त्या दिवशीचे फटकेही चुकले नाहीत.

पॅस्कोला जेथ्रोनंच शिवलं. त्याच्या नाकातला टाका जेथ्रोनं स्वतःच्या हातानं घातला. तिथं घरंदाजपणाची गोष्ट कुणी काढली नव्हती.

कालच्या लढाईत फ्रेंचांच्या गोळ्यानं वरची एक जड कप्पी सुटली आणि लाइलच्या डोक्यात बसली. डॉक्टरपुढं तेव्हा साठ जखमी विव्हळत होते. त्यानं वाकून पाहिलं, मान हलवली आणि याला मेलेल्यांत ठेवा म्हणाला. तेव्हापासून लाइल मेलेल्यांत पडून होता.

समोर बसून कापड ताणून धरणारा सायलस ड्यू जेथ्रोला पुरता ओळखून होता. दाभण कुठं वळतोय हे त्यानं पाहिलं आणि खालच्या आवाजात समजावू लागला. कॅप्टन दहा पावलांवर उभा आहे, हुकूम मोडलास तर चोवीस फटके पक्के, एका मढ्यासाठी कशाला पाठ सोलून घेतोस.

"सोड ना, जेथ्रो. मेलेल्याला काय कळतंय?"

"मला कळेल," जेथ्रो म्हणाला.

एरवी दर मढ्यापाशी तो एक प्रार्थना पुटपुटायचा. आज पुटपुटला नाही. दातावर दात आवळून त्यानं दाभण नाकात खुपसला. गरजेहून जास्त जोरानं.

टोकाशी लाल थेंब आला. फुगला, ओघळला. मागोमाग दुसरा.

वीस वर्षं मढी शिवणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. सायलसलाही नको होता. त्यानं समुद्राकडे तोंड फिरवलं. हातातलं कापड मात्र सावकाश वर सरकवलं, लाइलच्या कपाळापर्यंत.

"एका टाक्याचं काम आहे," तो म्हणाला. "मी काही पाहिलेलं नाही."

संताप कुणाकुणाचा करावा हे जेथ्रोला कळेना. धड मेला नाही म्हणून लाइलचा, धड पाहिलं नाही म्हणून डॉक्टरचा, आणि हे असलं काम बरोबर आपल्याच हातात आणून ठेवणाऱ्या देवाचा. पॅस्कोच्या नाकातून असा एक थेंब आला असता, तर त्यानं जहाज डोक्यावर घेतलं असतं. पुन्हा पुन्हा टोचून पाहिलं होतं त्यानं. तिथं आला नाही. इथं आला.

तोंडावरचं कापड किंचित आत ओढलं गेलं. पुन्हा सैल झालं.

जेथ्रोनं सुरी काढली. पोटापर्यंतचे सगळे टाके सरासरा कापले, आणि शिडाआडच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "डॉक्टरला बोलवा. हा हरामखोर जिवंत आहे."

धावपळ झाली. लाइलला खाली नेलं. दातांतून ब्रँडी ओतली तेव्हा तो कण्हला, आणि ते वर सगळ्यांनी ऐकलं. कुणी आनंदानं टोप्या उडवल्या नाहीत.

मग कॅप्टन जेथ्रोसमोर येऊन उभा राहिला. फळीवर दाभण पडला होता, टोकाला अजून ओला. हुकूम मोडला होता, तोही सगळ्या जहाजासमोर. पण ज्या माणसानं आपला अधिकारी जिवंतपणी समुद्रात जाण्यापासून वाचवला, त्याला फटक्यांसाठी खांबाला बांधायचं कॅप्टनच्याही जिवावर आलं होतं. तो घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. असल्या सावध माणसाचं कौतुकच केलं पाहिजे, म्हणाला. मग जरा वाकून त्यानं विचारलं,

"ट्रेविन, तुला शंका आली असणार. म्हणूनच टोचलंस. हो ना?"

सायलसनं मागून पायानं डिवचलं. एक 'हो' म्हटलं की पाठ वाचत होती. सगळं जहाज त्या 'हो'ची वाट बघत होतं.

जेथ्रोनं हात विजारीला पुसले.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "हा जिवंत असेल अशी जराशी जरी शंका आली असती ना, तर टोचलं नसतं."